भुईचाफा फुलत नाही? मग या चुका टाळा

शिगमो, म्हणजे आमचा गोव्यातला शिमगा, संपला की मला ठरलेले फोन येतात. "ताई, भुईचाफा मेला वाटतं." दहापैकी आठ वेळा तो मेलेला नसतो. उरलेल्या दोन वेळा त्याला प्रेमाने मारलेलं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रिकाम्या कुंडीला पाणी घालणं. दिवाळीनंतर भुईचाफ्याची पानं पिवळी पडून गळतात आणि कंद जमिनीखाली झोपतो. पुढे ऐन उन्हाळ्यात, पानाचा पत्ता नसताना, थेट मातीतून पांढरी-जांभळी सुवासिक फुलं वर येतात. पानं पावसाबरोबर येतात. म्हणजे मधले काही महिने कुंडीत काहीच दिसत नाही, आणि हेच लोकांना सोसवत नाही.

म्हार्दोळकडच्या एका वहिनींनी पान पिवळं पडताच सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी सुरू केलं. तरी पान गेलंच. मग एका नर्सरीवाल्याने टॉनिकची बाटली गळ्यात मारली, तीही ओतली. फेब्रुवारीत मला बोलावलं. कुंडी उलटी केली तर घाण वास आला आणि कंद बोटांत चिखलासारखा फुटला. कडेला अंगठ्याएवढा एक तुकडा टणक होता. तो कापून राख लावली, सावलीत सुकवला आणि कोरड्या रेतीत ठेवून दिला. पावसात त्याला पान आलं, फूल मात्र त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. वहिनी अजून विचारतात, "थोडं तरी पाणी घालू ना?" नाही. पान गळलं की मी कुंडी वळचणीला आडवी करते आणि मातीत एक करवंटी रोवून ठेवते, म्हणजे रिकामी समजून कोणी त्यात मिरच्या लावत नाही. मार्च लागला की एकदा हलकं शिंपण करते, बस.

कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, हाच घोळ वेगळ्या तऱ्हेने होतो. पोफळींची सावली याला मानवते, पण उन्हाळाभर पाटाचं पाणी फिरतं आणि कंद भिजत राहतो. पाटापासून दूर, उंचवट्यावर लावा. माझा आंब्याच्या बुंध्याशी आहे, उतारावर.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे झाडू. मार्च-एप्रिलमध्ये आवार स्वच्छ दिसलंच पाहिजे म्हणून पातेरा, म्हणजे वाळका पाचोळा, खरवडून पेटवायचा! त्याच पातेऱ्याखाली कळ्या डोकं वर काढत असतात. खराट्याच्या एका फटक्यात त्या मोडतात, वाचल्या तर आगीत भाजतात. पातेरा राहू द्या, पावसात तोच खत होतो. पाहुण्यांना आवडला नाही तर पाहुण्यांनी अंगणात बसावं.

कंद वाटून घेतानाची चूक अगदी भाबडी असते. भुईचाफ्याच्या मुळांच्या टोकाला अंड्यासारख्या गाठी असतात. त्या तोडून लावल्या आणि वर्षभर वाट पाहिली, असं सांगणारे भेटतात. त्या गाठी अन्नाची कोठारं आहेत, त्यांना डोळा नसतो. कोंब मधल्या कंदाला फुटतो, म्हणून त्याचा डोळा असलेला तुकडा गाठींसकट घ्या. दोन बोटं मातीखाली पुरा, त्याहून खोल नको.

कधी कधी झाडच दुसरं निघतं. लिनियसने 1753 साली एंगेलबर्ट केंप्फर या जर्मन वैद्याच्या नावाच्या प्रजातीत भुईचाफा (केंफेरिया रोटुंडा) आणि कापरासारख्या वासाचा केंफेरिया गलंगा, दोन्ही घातले. गलंगाची पानं जमिनीला चिकटून पसरतात आणि फुलं पावसात, पानांमध्येच येतात. भुईचाफ्याची पानं उभी असतात, वर चट्टे, खाली जांभळट. नर्सरीत मोरपंखी नक्षीचा केंफेरिया पुल्क्राही मिळतो. तोही पानं असतानाच फुलतो, त्यामुळे त्याच्याकडून चैत्रात फुलं मागू नका.

बाकीच्या किरकोळ. ताजं शेण घालू नका. दुपारचं ऊन नको, ऑक्टोबरात पानं करपतात. हिरवी पानं "पसारा" म्हणून कापू नका, पुढच्या फुलांची शिदोरी तीच भरतात. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, तेव्हा सकाळी बिनधास्त खुडून देवाला वाहा, झाडाचं काही बिघडत नाही. आणि साळिंदर येत असेल तर कुंडीतच लावा. कुंपणाचे बाकी सगळे उपाय मी करून सोडले आहेत.