रविवारी सकाळी सात वाजता दहा जण: मित्रमैत्रिणींची फुटबॉल टीम चालवायची कशी

टीम काढायला एक संध्याकाळ पुरते. वर्ल्ड कप चालू असला की कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढतं, पंचवीस-तीस जण हात वर करतात आणि पहिल्या रविवारी टर्फवर, म्हणजे तासाने भाड्याने मिळणाऱ्या कृत्रिम गवताच्या मैदानावर, उभं राहायला जागा नसते. महिनाभराने सहा-सात डोकी उरतात. पाऊस पडला की तीही येत नाहीत. आमची टीम लालबाग-परळची आहे. मुलगे आणि मुली एकत्र खेळतो आणि ती बरीच वर्षं टिकली आहे. आजूबाजूच्या अनेक टीम बंद पडताना पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालंय: प्रत्येक गोष्ट ठरवताना टीममधल्या सगळ्यात कच्च्या खेळाडूचा विचार आधी करा. जो भारी खेळतो त्याला चार ठिकाणांहून बोलावणं असतं, तो कुठेही खेळेल. कच्चा खेळाडू मात्र दोन रविवार बॉलला पाय न लागता घरी गेला की तिसऱ्या रविवारी ‘जरा काम आहे’ असा मेसेज येतो. मग दहाचे नऊ होतात, आणि नऊ जणांत फाइव्ह-अ-साइड, म्हणजे पाच विरुद्ध पाच, होत नाही.

पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघालेलं आहे.

माणसं, वेळ, पैसे

दहा जणांचा खेळ असेल तर यादीत चौदा जण ठेवा. मुंबईत दर आठवड्याला कुणाची शिफ्ट असते, कुणाकडे लग्न असतं, कुणाचं मूल आजारी असतं. चौदातले दहा येतात. वीस जण घेतले तर दर रविवारी कुणीतरी बाहेर बसतं, आणि बाहेर बसणारा बहुतेक वेळा तोच कच्चा खेळाडू असतो.

वार आणि वेळ एकदा ठरली की हलवायची नाही. ‘या वेळी शनिवारी करूया का?’ या प्रश्नाला आमच्याकडे कायम ‘नाही’ हेच उत्तर असतं. घरच्यांनाही ती वेळ पाठ व्हावी लागते. आमची वेळ रविवारी सकाळी सात ते आठ. त्याला कारण आहे. रविवारचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवतात तो) सहसा साडेदहा-अकराच्या पुढे लागतो, त्यामुळे कुर्ल्याहून किंवा ठाण्याहून येणारे खेळून, चहा पिऊन गाडी पकडू शकतात. ऊन तापलेलं नसतं. शिवाय रात्री अकराचा स्लॉट कितीही स्वस्त मिळाला, तरी उशिराच्या लोकलने एकटं परतायचं म्हटल्यावर निम्म्या मुली हळूहळू गळतात. टर्फ निवडताना तिथे मुलींसाठी स्वच्छ टॉयलेट आणि कपडे बदलायला बंद होणारं दार आहे का, हे स्वतः जाऊन बघा. फोनवर सगळेच ‘आहे’ म्हणतात.

पैशांचं आधी ठरवा आणि महिन्याचे एकदम घ्या. समजा टर्फ तासाला 2000 रुपये आहे. चार रविवारचे 8000 होतात. चौदा जणांनी 600 दिले तर 8400 जमतात. वरचे 400 बॉल, बिब्स (टीम ओळखायला वरून घालायची रंगीत बनियनं) आणि बर्फाच्या स्प्रेसाठी. आलं नाही तरी पैसे परत नाहीत, कारण स्लॉट तुमच्या नावावर धरलेला होता. याने हजेरी आपोआप सुधारते. ज्याची नोकरी गेली आहे किंवा जो अजून शिकतोय, त्याने अर्धे द्यावेत, आणि ही गोष्ट फक्त पैसे सांभाळणाऱ्यालाच माहीत असावी. पैशांवरून कुणी खेळ सोडला तर ते टीमचं अपयश आहे, असं मला मनापासून वाटतं.

गुरुवारी रात्री ग्रुपवर ‘येणार / नाही’ असा पोल टाकायचा. शुक्रवारी रात्रीपर्यंत उत्तर नाही आलं तर फोन करायचा. फोन केल्यावर माणूस येतो.

टीम पाडणं

शाळेत दोन कॅप्टन आळीपाळीने एकेकाला निवडायचे. शेवटी उरलेल्याला काय वाटायचं, हे उरलेल्यालाच माहीत. ती पद्धत बंद करा. आम्ही जोड्या लावतो: साधारण सारखं खेळणारे दोघं एकत्र उभे राहतात, नाणं उडवतो, एक इकडे, एक तिकडे. दोन मिनिटांत टीम पडतात आणि बऱ्यापैकी समान पडतात.

कधी पाहुणे धरून पंधरा जण आले आणि तीन टीम झाल्या, तर मुंबईत सगळीकडे ‘जिंकेल तो राहील’ चालतं. दोन गोल झाले की हरलेली टीम बाहेर. भारी पोरांना हे फार आवडतं, पण कच्ची टीम तासात दहा-बारा मिनिटं खेळते आणि बाकी वेळ जाळीबाहेर उभी असते. घड्याळ लावा. दर सात मिनिटांनी एक टीम बाहेर, मग स्कोअर काहीही असो. बाहेरची टीम वेळ बघते आणि फाउलचा निकाल देते, म्हणजे रेफरीचा प्रश्नही सुटतो.

गोलकीपरचंही तसंच. ‘गोल खाल्ला की बदली’ ठेवलं तर कंटाळलेला माणूस गोल अडवायला मनापासून उडी घेत नाही. वेळेवर बदला. आणि ज्याला खरंच गोलमध्ये उभं राहायला आवडतं असा कुणी मिळाला तर त्याला जपा, त्याच्या हातमोज्यांचे पैसे टीमने भरा.

स्लाइड टॅकल पूर्ण बंद. ही एक गोष्ट वादाला ठेवूच नका. सोमवारी सगळ्यांना कामावर जायचंय. मुलगी समोर आहे म्हणून अंग चोरणं नको आणि अंगावर जाणंही नको. बॉलवर जायचं, एवढंच.

खेळताना

जी व्यक्ती शाळेनंतर पहिल्यांदा खेळतेय, तिला एका वेळी एकच गोष्ट सांगा. पहिली गोष्ट पासिंगची: पायाच्या आतल्या बाजूने, टाच खाली, दुसरा पाय बॉलच्या शेजारी. टर्फवर किंवा रिंकवर (सिमेंटच्या छोट्या मैदानावर) येणारा बॉल तळव्याखाली थांबवणं सगळ्यात सोपं पडतं. बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये भिंतीवर रोज दहा मिनिटं दोन्ही पायांनी मारलं तर महिन्यात फरक दिसतो.

दुसरी गोष्ट उभं राहण्याची. नवीन माणूस प्रतिस्पर्ध्याच्या मागे उभा राहून ‘दे, दे’ ओरडतो. ज्याच्याकडे बॉल आहे त्याला तुम्ही दिसला पाहिजेत, मधे कुणाचा पाय नको. दोन पावलं बाजूला सरकलात की पास येतो. पास येण्याआधी एकदा मागे वळून बघा.

फाइव्ह-अ-साइडमध्ये गोली, म्हणजे गोलकीपर, सोडून चौघं उरतात: एक मागे, दोन बाजूंना, एक पुढे. कच्च्या खेळाडूला सगळे बाजूला नाहीतर पुढे उभं करतात, ‘तिथे नुकसान नाही’ म्हणून. आम्ही उलट करतो. त्याला मागे ठेवतो आणि शेजारी बोलका खेळाडू देतो. मागच्याला समोरचं सगळं मैदान दिसतं, वेळ मिळतो आणि गोलीकडून पहिला पास त्यालाच येतो. पायाला बॉल लागत राहिला की भीती जाते. शेजारच्याने मात्र सतत बोलायचं: ‘टाइम आहे’, ‘मागून येतोय’, ‘लाइनला दे’. शिव्या नाहीत. चुकलेल्या पासवर हात हवेत उडवणं तर अजिबात नाही. ते मला शिवीपेक्षा जास्त लागतं.

टीमसोबत खरा सामना बघायला जा. कूपरेजवर किंवा वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानावर मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या लीगचे सामने होतात. ज्याच्याकडे बॉल नाही अशा एकाच खेळाडूवर दहा मिनिटं नजर ठेवा. तो किती चालतो, केव्हा पळतो, कुठे थांबतो ते बघा. हे मला माझ्या मामाने शिकवलं. तो गिरणीत होता आणि 1891 साली सुरू झालेल्या रोव्हर्स कपचे सामने बघायला पहिली पाळी संपवून कूपरेजला जायचा. मफतलाल, टाटा या मुंबईच्या कंपन्यांच्या टीममधले खेळाडू त्याला नावानिशी पाठ होते. नेव्हिल डिसूझाही टाटांकडून खेळायचे. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली, भारत 4-2 ने जिंकला आणि पुढे चौथा आला. त्यांच्या नावाच्या मैदानावर बसून सामना बघताना आमच्या टीममधल्या पोरांना हे सांगायला मला फार आवडतं.

बूट, बॉल, अंग

टर्फवर लांब स्टड्स घालू नका. ते गवतात रुततात, पाय तिथेच राहतो आणि अंग वळतं. गुडघ्याचं लिगामेंट असंच जातं. टर्फसाठी बारीक रबरी खड्यांचे बूट मिळतात, रिंकसाठी सपाट तळाचे. लांब स्टड्स फक्त चिखलासाठी. धोबी तलावच्या स्पोर्ट्सच्या दुकानांत सगळे प्रकार एकाच रस्त्यावर घालून बघता येतात, जर्सीवर नावही तिथेच छापून मिळतं. शिन गार्ड मात्र पहिल्या दिवसापासून हवेत. खेळाच्या नियमांतच ते सक्तीचे आहेत, आणि मित्रांच्या खेळात नडग्यांवर लाथा जास्तच बसतात.

बॉल पाच नंबरचा घ्या: घेर 68 ते 70 सेंटीमीटर, वजन 410 ते 450 ग्रॅम. रिंकवर चार नंबरचा फुटसलचा बॉल बरा, तो कमी उसळतो. हवा भरताना पिन ओली करून घाला, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो.

वॉर्म-अप कुणी करत नाही आणि चाळिशीकडे आलेले मांडीचा स्नायू धरून बसतात. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा क्रम आहे: आठ मिनिटं वेगवेगळं धावणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगात धावणं. नियमित करणाऱ्या टीममध्ये दुखापती बऱ्याच कमी होतात, हे अभ्यासांत दिसलंय. आम्ही तो टर्फच्या बाहेर, फुटपाथवर करतो, पावणेसातच्या आधी येऊन. तासाचे पैसे वॉर्म-अपमध्ये घालवायला कुणी तयार होत नाही.

घोटा मुरगळला तर खेळ तिथेच थांबवा. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, पट्टी, पाय उंच. दुखऱ्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढाच. डोक्याला लागून गरगरलं, तर त्या दिवशी परत मैदानात नाही. तो कितीही ‘ठीक आहे’ म्हणाला तरी नाही.

पाऊस

मुंबईचं फुटबॉल पावसाळ्यातच. बरेचसे क्रिकेटवाले घरी जातात, शिवाजी पार्क आणि आझाद मैदान बऱ्यापैकी मोकळं होतं, चिखलात पडलं तरी लागत नाही. टर्फचे पैसे वाचतात. टर्फ सोडून चिखलात गेलं की भारी आणि कच्चा यांतला फरकही कमी होतो, कारण बॉल कुणाचंच ऐकत नाही. नवीन माणसाला टीममध्ये घ्यायला जूनचा शेवट हीच सगळ्यात चांगली वेळ.

पण इथे मी जरा थांबून बोलणार, कारण मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते आणि पावसात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) नमुने येतात ते माझ्या हातून जातात. उंदीर, कुत्रे, गुरं यांच्या लघवीतून हा जंतू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात येतो आणि कातडीवरच्या जखमेतून अंगात शिरतो. गुडघा खरचटलेला असेल तर तो रविवार सोडा, किंवा जखम पाणी जाणार नाही अशा पट्टीने पूर्ण झाकून या. साचलेल्या पाण्यात खेळायचंच नाही. खेळ झाल्यावर लगेच साबणाने पाय धुवा. आम्ही पाच लिटरचा कॅन आणि साबण किटबॅगेतच ठेवतो. ताप दुसऱ्या दिवशी येत नाही, बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, तोवर मॅच विसरलेली असते. म्हणून पावसाळ्यात ताप आला, अंग आणि पोटऱ्या दुखल्या, तर डॉक्टरांना आपणहून सांगा की चिखलात खेळलो होतो. गोळ्या मनाने घेऊ नका. पालिकेच्या दवाखान्यात विचारा.

दुसऱ्या टीमशी

वर्षभर आपापसात खेळलात की मॅच लावावीशी वाटेल. समोरच्या कॅप्टनशी फोनवर सगळं आधी बोलून घ्या: किती जण, किती मिनिटं, बदली खेळाडू हवे तितके का, ऑफसाइडचा नियम नाही ना, गोलीला बॅकपास (आपल्याच खेळाडूने मागे दिलेला बॉल) हातात घेता येईल का, टर्फचे पैसे निम्मे-निम्मे का. रंग विचारायला विसरू नका, बिब्स घेऊन जा.

रिंकच्या किंवा फाइव्ह-अ-साइडच्या स्पर्धेत उतरायचं असेल, तर एंट्री फी भरण्याआधी सगळ्यांना एकत्र बसवून विचारा: सगळ्यांना सारखा वेळ खेळवायचं, की जिंकायला जायचं? दोन्ही चालतं. न बोलता गेलात तर सेमीफायनलला कुणीतरी पूर्ण वेळ बाहेर बसतं आणि परत येताना लोकलमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. आमचा नियम असा: गटातल्या मॅचमध्ये वेळ घड्याळाप्रमाणे वाटायचा, नॉकआउटमध्ये कॅप्टन ठरवेल तसं. हे ग्रुपवर लिहून टाकतो, प्रत्येकाचा होकार येईपर्यंत फी भरत नाही.