नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?

सोसायटीच्या फॉर्मवर बायकोचं नाव नॉमिनी म्हणून टाकलं की फ्लॅट तिचा झाला, असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. तसं नाही. नॉमिनी हा साधारणपणे वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्येही हेच सांगितलं.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या मालमत्तेत पत्नी, मुलं, मुली आणि हयात असलेली आई यांचा समान वाटा असतो. आईचा वाटा हमखास विसरला जातो आणि मग सासू-सुनेला एकमेकींच्या सह्यांसाठी थांबावं लागतं. ऐन दुःखात ही वेळ घरच्यांवर येऊ देऊ नका.

मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, साधा कागद चालतो. दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि त्यांच्याही सह्या घ्या. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. शक्यतो तुमच्याहून वयाने लहान माणसं घ्या. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात करून घ्याच, असं मी आग्रहाने सांगेन. मुस्लिम कुटुंबांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी वकिलांना विचारावं.

आणि एक वही करा: बँक खाती, विमा पॉलिसी, पीपीएफ, सातबाऱ्याचे गट क्रमांक, लॉकरची चावी कुठल्या डब्यात आहे तेही. ती वही कुठे ठेवली आहे, हे आज रात्री जेवताना घरात सांगा.