मालवणात स्नॉर्कलिंग करताना या चुका टाळा

मालवणला दोन दिवसांसाठी येणारे पाहुणे खोली, जेवण आणि होडी यांची चौकशी महिनाभर आधी करतात. पाण्याची चौकशी मात्र लाइफ जॅकेट अंगावर चढल्यावर सुरू होते. सिंधुदुर्ग किल्ल्यामागच्या खडकांवर पोहोचल्यानंतर काहीच दिसले नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच जन्म घेते. मास्क, श्वासाची नळी आणि मार्गदर्शक चांगले असूनही गढूळ पाण्यात कोणाचेच काही चालत नाही.

सर्वांत मोठी चूक वेळेची असते. पावसाळ्यात किल्ल्याची होडी वाहतूक आणि जलक्रीडा बंद असतात हे सर्वांना ठाऊक असते, पण त्या पुन्हा सुरू झाल्या म्हणजे पाणीही निवळले, असे नसते. कर्ली आणि गड या नद्यांनी समुद्रात आणलेला गाळ खाली बसायला वेळ लागतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत भरवशाचा. त्यातही सकाळ निवडावी. पहाटे जमिनीकडून वाहणाऱ्या मतलई वाऱ्यात समुद्र शांत राहतो. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटला की लाटा उठतात आणि तळाची वाळू ढवळली जाते. रात्रभर बसने प्रवास करून थेट पाण्यात उतरणाऱ्यांनी सकाळ साधलेली असते खरी, परंतु झोप न झालेल्या शरीराला होडी लागते आणि मळमळ सुरू झाली की नळी तोंडात धरवत नाही. त्यामुळे आल्या दिवशी विश्रांती आणि दुसऱ्या सकाळी समुद्र, हाच क्रम शहाणपणाचा.

दिवस ठरवताना शनिवार-रविवारच्या आधी तिथी पाहावी. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. तासभर इकडेतिकडे गृहीत धरावे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाचे पाणी जोराने आत-बाहेर करते, प्रवाह ओढतो आणि नवख्या माणसाची सारी शक्ती जागेवर राहण्यातच खर्च होते. अष्टमीच्या आसपास भांगाचे, म्हणजे कमी चढउताराच्या भरती-ओहोटीचे, पाणी मंद असते, पण त्या दिवशी सकाळभर ओहोटी चालू राहते आणि खाडीतले गढूळ पाणी बाहेर येत राहते. म्हणून माझी पसंती एकादशी ते त्रयोदशीला आहे. त्या दिवसांत भरती सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान पूर्ण होते, बाहेरचे स्वच्छ पाणी खडकांवर आलेले असते आणि उधाणाने अजून जोर धरलेला नसतो. एवढे करूनही निघण्यापूर्वी होडीवाल्याला ‘आज पाणी कसां आसा?’ असे विचारावे आणि तो नको म्हणाला तर खरोखरच जाऊ नये. आगाऊ रक्कम बुडेल म्हणून हट्ट धरणाऱ्यांना हिरवट धुके तेवढे पाहायला मिळते.

ठिकाणाबाबतही गल्लत होते. देवबागजवळचे त्सुनामी आयलंड हा कर्लीच्या मुखाशी असलेला वाळूचा पट्टा आहे. तिथे बनाना राइड जरूर करावी, पण प्रवाळ शोधू नये. आणखी एक अपेक्षा घरीच ठेवून यावी, ती म्हणजे अंदमानची. मालवणचा समुद्र चांगल्या दिवशीही तितका पारदर्शक नसतो; त्याची गंमत खडकांच्या कपारीत, पट्टेरी माशांच्या थव्यात आणि मध्येच समोर येणाऱ्या एखाद्या गोबरा माशात आहे.

मास्कमध्ये पाणी शिरते तेव्हा जवळजवळ प्रत्येकजण पट्टा आवळतो, आणि तिथेच चुकतो. आवळल्याने सिलिकॉनची कड वाकडी होते आणि गळती वाढते. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलकेच श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर आहे. नाही राहिला, तर कडेखाली केसाची बट किंवा मिशी आली आहे का ते पाहावे. मिशी नाकाखाली रेषाभर कापली तरी बराच फरक पडतो. चेहऱ्याला खोबरेल तेल लावून येऊ नये, कारण त्याने कड घसरते आणि काचही तेलकट होते. काचेवर वाफ धरत असेल तर आतून थुंकी चोळून समुद्राच्या पाण्याने एकदाच विसळावी. ज्यांना हे किळसवाणे वाटते, त्यांनी बेबी शाम्पूचा एक थेंब वापरावा.

नळीत पाणी आले की मान वर काढून धडपडण्याऐवजी ‘टू’ म्हटल्यासारखी एक जोरदार फुंकर मारावी. हा सराव होडीतून उडी मारल्यावर नव्हे, तर चिवल्याच्या किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात आधी करावा. बुडी मारण्यापूर्वी भराभर दीर्घ श्वास घेण्याची सवय मात्र जिवावर बेतू शकते. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वासाची निकड वेळेवर जाणवत नाही आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो.

मासे जमावेत म्हणून काही ठिकाणी हातात पावाचे तुकडे दिले जातात. ते नाकारावेत. पावाच्या चुऱ्याने पाणी गढुळते, मासे बोटांना चावतात आणि खडकावरचे नेहमीचे खाणे सोडून होडीमागे धावायला शिकतात. फोटोसाठी प्रवाळावर उभे राहणे त्याहून वाईट, कारण काही दगडी प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळांचा समावेश आहे आणि हा परिसर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा तुकडा घरी नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पाठ भाजू नये म्हणून सनस्क्रीनचे थर देण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घालावा.

जेलीफिशचा डंख बसल्यास वाळू चोळू नये आणि गोडे पाणीही ओतू नये. समुद्राच्याच पाण्याने धुऊन चिकटलेले तंतू चिमट्याने काढावेत. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर थेट दवाखाना गाठावा. त्याच सहलीत स्कूबाही, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल बुडी, करणार असाल आणि चिपी किंवा मोपाहून विमानाने परतणार असाल, तर एका बुडीनंतर किमान 12 तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान 18 तास विमानात बसू नये, म्हणून विश्रांतीनंतर स्कूबा आधी उरकावा आणि स्नॉर्कलिंग शेवटच्या सकाळी ठेवावे.