१/३२ प्रमाणातले मिराज २००० कसे बांधावे

ग्वाल्हेरच्या महाराजपुरा हवाई तळावर १९८५ पासून मिराज २००० हे लढाऊ विमान आहे, त्यामुळे शहराच्या लष्कर किंवा मुरार या भागांतल्या मराठी घरांतून वाढलेल्या मुलांना हे त्रिकोणी पंखांचे विमान वेगळे ओळखायला शिकवावे लागत नाही. विमानाच्या मोठ्या आकाराच्या प्रतिकृतीचे प्लॅस्टिक किट प्रथमच हाती घेणाऱ्याने जे विमान आपल्या डोळ्यांना सवयीचे आहे तेच निवडावे, असे माझे मत आहे; आकारातली चूक अशा डोळ्यांना लगेच खटकते आणि ती वेळीच सुधारता येते. म्हणून येथे मिराजच उदाहरणाला घेतले आहे. कामाचा क्रम बहुतेक सर्व जेट विमानांना हाच राहतो.

मूळ विमान १४.३६ मीटर लांब आहे आणि त्याच्या पंखांचा विस्तार ९.१३ मीटर आहे. या आकड्यांना ३२ ने भागले की प्रतिकृती सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि साडेअठ्ठावीस सेंटिमीटर रुंद होते. या प्रमाणात वैमानिक साधारण साडेपाच सेंटिमीटर उंच होतो आणि त्याच्या आसनाचा साडेचार सेंटिमीटर रुंदीचा पट्टा जेमतेम दीड मिलिमीटर उरतो. १/७२ प्रमाणात जे नुसत्या रंगाच्या ठिपक्याने भागते ते येथे वस्तू म्हणून दिसावे लागते, आणि सांधा नीट बुजला नसेल तर तो खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही कळतो.

कटर उचलण्यापूर्वी एक निर्णय घ्यावा लागतो आणि पुढचे सगळे काम त्यावर अवलंबून असते. आपण ‘मिराज’ बांधत नसतो. विशिष्ट क्रमांकाचे एक विमान, विशिष्ट वर्षातले, बांधत असतो. भारतीय एकआसनी मिराजचे क्रमांक केएफ अक्षरांनी आणि दोनआसनी मिराजचे केटी अक्षरांनी सुरू होतात. कारगिल युद्धात, १९९९ साली, या विमानांनी लायटनिंग पॉडच्या, म्हणजे लक्ष्यावर लेझर रोखणाऱ्या उपकरणाच्या, साहाय्याने लेझर-मार्गदर्शित बॉम्ब टाकले. त्या काळातली त्यांची हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रे म्हणजे मॅजिक २ आणि सुपर ५३०डी. मायका क्षेपणास्त्र आले ते नंतरच्या आधुनिकीकरणाबरोबर, ज्याचा करार २०११ साली झाला. किटच्या पेटीत ही तिन्ही क्षेपणास्त्रे असू शकतात आणि ती सगळी लावण्याचा मोह होतो, पण १९९९ च्या विमानाखाली मायका टांगले की कितीही सफाईदार रंगकाम केलेले असो, ती प्रतिकृती कोणत्याच खऱ्या विमानाची राहत नाही. म्हणून क्रमांक आणि वर्ष कागदावर लिहून तो कागद टेबलासमोर लावावा. रंगछटा, चिन्हांची जागा, शस्त्रभार, विमानाच्या अंगावरची झीज, या प्रत्येक शंकेचे उत्तर त्या कागदाकडे पाहून शोधता येते.

संदर्भासाठी छायाचित्रे लागतील, आणि ती प्रसिद्ध झालेलीच वापरावीत. हवाई दलाने प्रसृत केलेली छायाचित्रे, हवाई दल दिनाच्या कवायतींची चित्रे, विमानविषयक मासिके यांतून पुरेसे साहित्य मिळते. महाराजपुऱ्याच्या कुंपणापाशी कॅमेरा घेऊन उभे राहण्याचा विचारही करू नये. तळ संरक्षित क्षेत्र आहे आणि तेथे छायाचित्रण निषिद्ध आहे.

साधनांबद्दल थोडक्यात. चांगल्या धारेचा साइड कटर, हॉबी नाइफ आणि तिची जादा पाती, ४०० ते २००० नंबरपर्यंतचा पाण्याचा सँडपेपर, मास्किंग टेप, टॅमियाच्या एक्स्ट्रा थिनसारखे पातळ प्लॅस्टिक सिमेंट, फेविक्विक, अराल्डाइट, फटी बुजवायची पुटी आणि रंग फवारण्यासाठी ०.३ मिलिमीटर नोझलचा एअरब्रश एवढ्यावर काम होते. कॉम्प्रेसर घेताना त्याला ओलावा अडवणारा फिल्टर आहे ना, हे मात्र पाहून घ्यावे.

किटचे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या सर्व प्लॅस्टिकच्या फ्रेम प्रथम कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवाव्यात, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेला तेलकट थर त्यावर राहिलेला असू शकतो आणि रंग तेथे धरत नाही. भाग कापताना दोन छेद घ्यावेत: पहिला भागापासून थोडा दूर, दुसरा अगदी लगत. एकाच छेदात कापल्यास प्लॅस्टिकवर ताण येऊन ते पांढरे पडते किंवा कडेचा कपचा निघतो. यानंतरचे काम नवशिक्याला कंटाळवाणे वाटते, पण संपूर्ण बांधणीत याहून महत्त्वाचे दुसरे काही नाही. ते म्हणजे सिमेंट न लावता सर्व मोठे भाग टेपने जोडून पाहणे. धडाच्या दोन बाजू, पंखाचा खालचा अखंड भाग, वरचे दोन भाग, नाकाचा शंकू आणि शेपटी टेपने बांधावे, प्रकाशासमोर धरून फटी शोधाव्यात आणि कोठे किती घासायचे आहे ते पेन्सिलीने त्या भागावरच लिहावे. मोठ्या किटमध्ये कॉकपिटचा टब, चाकांच्या खोबणी आणि हवा आत घेणारे बोगदे धडाच्या आत एकमेकांना खेटून बसतात; त्यांतला एक अर्धा मिलिमीटर वर राहिला तरी धड मिटत नाही. अशा वेळी धड दाबून चिकटवणे हा उपाय नव्हे. दाबून चिकटवलेला सांधा काही महिन्यांनी, विशेषतः उन्हाळ्यात, पुन्हा उघडतो. आतला भाग घासून कमी करावा आणि पुन्हा जोडून पाहावा.

कॉकपिट पूर्ण केल्याशिवाय धड मिटता येत नाही, म्हणून बांधणी तेथून सुरू होते. मिराजमध्ये मार्टिन-बेकर कंपनीचे मार्क १० घराण्यातले आसन आहे, आणि कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण, उघडी ठेवल्यास पाहणाऱ्याची पहिली नजर त्या आसनावरच जाते. किटमधले पट्टे जाड वाटले तर ते घासून टाकून शिशाच्या पातळ पत्र्याचे पट्टे कापावेत. शिसे हवे तसे वळते आणि वळवल्यावर तसेच राहते. रंग देताना शुद्ध काळा टाळून अतिशय गडद करडा वापरावा, कारण एवढ्या लहान खोलगट जागेत शुद्ध काळ्या रंगात सगळे तपशील बुडून जातात. उपकरणांच्या तबकड्यांवर डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील चित्र) बसवल्यानंतर प्रत्येक तबकडीत चमकदार वार्निशचा एक थेंब सोडला की काच बसवल्यासारखी दिसते.

हवा घेणारे बोगदे कॉकपिटाइतकेच लक्ष मागतात. मिराजच्या प्रत्येक बोगद्याच्या तोंडाशी अर्ध्या शंकूच्या आकाराचा भाग असतो, आणि त्याच्यामागे खोलवर इंजिनाची पाती दिसतात. बोगद्याचे दोन अर्धे चिकटवल्यावर आतला सांधा बुजवावाच लागतो. सँडपेपर काडीला गुंडाळून तेथे पोहोचता येते. नंतर पातळ केलेला रंग बोगद्यात ओतून, तो फिरवून, दुसऱ्या टोकाने काढून घेतला की ब्रशच्या खुणा न राहता एकसारखा थर बसतो. काही मोठ्या किटमध्ये संपूर्ण इंजिन दिलेले असते. इंजिन बाहेर काढून ट्रॉलीवर दाखवायचे नसेल तर त्यावर आठवडे खर्च करू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. पुढची पाती आणि मागचे, वायू बाहेर टाकणारे नोझल एवढेच दिसते, आणि तेवढेच उत्तम करावे. नोझलला आधी चमकदार काळा, त्यावर धातूचा रंग आणि अगदी शेवटी निळसर-तपकिरी पारदर्शक छटा विरळ फवारल्यास उष्णतेने बदललेल्या धातूचा भास होतो.

धड मिटण्यापूर्वी तोल तपासावा. रेझिनचे जड नोझल लावले असेल तर प्रतिकृती शेपटीवर बसू शकते. टेपने जोडलेले विमान मुख्य चाकांच्या जागी दोन बोटांवर तोलून पाहावे आणि नाक खाली जाईपर्यंत शंकूत वजन भरावे. वजन शिशाचे असेल तर ते अराल्डाइटमध्ये घट्ट बसवावे. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात ठेवलेले शिसे वर्षानुवर्षांत गंजून पांढरी भुकटी होते, फुगते आणि नाक आतून फोडते.

सांधे जोडताना पातळ सिमेंट ब्रशने फटीला टेकवावे. ते आपोआप आत ओढले जाते. काही सेकंदांनी हलका दाब दिला की वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कड वर येते, आणि ती पूर्ण वाळल्यावर घासली तर पुष्कळदा पुटीची गरजच पडत नाही. घासताना पुसल्या गेलेल्या पॅनेलच्या (पत्र्यांच्या सांध्यांच्या) रेषा स्क्राइबरने, म्हणजे कोरायच्या टोकदार हत्याराने, पुन्हा कोराव्यात. त्या किती ठळक असाव्यात याचे गणित सोपे आहे: खऱ्या विमानावर दोन पत्र्यांमधली फट एक-दोन मिलिमीटर धरली तरी १/३२ प्रमाणात ती ०.०३ ते ०.०६ मिलिमीटर होते. काळ्याकुट्ट रेषांनी विणलेले पंख प्रदर्शनात उठून दिसतात, पण विमान तसे नसते. रेषा उथळ ठेवाव्यात आणि पुढे त्यांत भरायचा रंगही वरच्या रंगाहून थोडाच गडद घ्यावा.

कॅनोपीवर मधोमध साच्याची रेघ असेल तर ती १००० पासून चढत्या नंबरच्या सँडपेपरने घासून पॉलिशने पुन्हा पारदर्शक करावी. पारदर्शक भागांजवळ फेविक्विक आणू नये. त्याच्या वाफेने काच धुरकट होते. येथे पांढरा गोंदच योग्य आहे. चौकटीवर आधी आतल्या बाजूचा रंग फवारून त्यावर बाहेरचा रंग द्यावा, म्हणजे आतून पाहतानाही चौकट खरी वाटते.

रंगकामाचे वेळापत्रक ग्वाल्हेरात ऋतूप्रमाणे ठरवावे लागते. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, लू वाहते, आणि कोरड्या हवेत ॲक्रिलिक रंग विमानापर्यंत पोहोचण्याआधीच वाळून खरखरीत बसतो किंवा एअरब्रशच्या सुईच्या टोकावर साचतो. त्या दिवसांत पहाटे काम करावे, दारेखिडक्यांतून येणारी धूळ बसू देण्यासाठी आधी फरशी ओल्या फडक्याने पुसावी आणि थिनरमध्ये रंग सावकाश वाळू देणारा रिटार्डर घालावा. जुलै-ऑगस्टमधली अडचण उलट असते. दमट हवेत लॅकर वार्निश पांढरट पडते, म्हणून पाऊस चालू असताना वार्निशचे काम पुढे ढकलणेच शहाणपणाचे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा आहे, फक्त जानेवारीच्या धुक्याच्या सकाळी वगळाव्यात. रंग फवारताना सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क लावावा आणि हवा बाहेर फेकणारा पंखा चालू ठेवावा. कापडी मास्क वाफ अडवत नाही.

राखाडी प्रायमरचा पातळ थर दिल्यावर राहिलेल्या चुका उघड होतात. त्या तेथेच दुरुस्त कराव्यात. टॅमियाचा ॲक्रिलिक रंग त्याच कंपनीच्या लॅकर थिनरमध्ये निम्म्याहून अधिक पातळ करून सुमारे १५ पीएसआय दाबाने फवारल्यास थर गुळगुळीत येतो. मिराजच्या करड्या-निळसर छटांमधला फरक सौम्य आहे, म्हणून एका छटेत पांढऱ्याचे किंचित प्रमाण बदलत काही पॅनेल हलके उजळावेत. त्याहून अधिक खेळ करू नये.

डेकलपूर्वी संपूर्ण विमानावर चमकदार वार्निश द्यावे, कारण खरखरीत पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकून ते रुपेरी दिसते. डेकल बोअरिंगच्या जड पाण्यात भिजवू नये. क्षार वाळून पांढरे डाग राहतात, तेव्हा आरओचे किंवा डिस्टिल्ड पाणी घ्यावे. आपल्या हवाई दलाच्या वर्तुळात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा रंग असतो. शेपटीवरच्या पट्ट्यांचा क्रम दोन्ही बाजूंना छायाचित्रावरून पडताळावा. डेकल बसल्यावर पुन्हा वार्निशचा थर, मग रेषांत एनॅमलचा पातळ रंग. हा रंग उघड्या प्लॅस्टिकवर जाऊ देऊ नये, ताण असलेल्या जागी प्लॅस्टिक तडकते.

झीज दाखवताना हात आवरावा. लढाऊ विमाने स्वच्छ ठेवली जातात, कारण इंजिनात गेलेला खडादेखील धोक्याचा असतो. तंत्रज्ञांचे पाय पडतात ती पंखाच्या मुळाची जागा, पोटाखाली तेल पाझरल्याचे बारीक ओघळ आणि नोझलभोवतीची काजळी पुरे होते. टायरवर ग्वाल्हेरच्या धुळीची फिकट पिवळसर छटा पावडरीने द्यावी, ती पंखांपर्यंत चढू देऊ नये.

शेवटी मंद चमकेचे वार्निश देऊन चाके, दरवाजे, शस्त्रभार, उजव्या बाजूची इंधन घेण्याची नळी आणि अगदी अखेरीस नाकाच्या टोकाची, हवेतला वेग मोजणारी पिटो नळी बसवावी. ती आधी लावली तर हाताळताना हमखास मोडते. आतून ५२ सेंटिमीटर लांब, ३६ रुंद आणि २५ उंच अशी ॲक्रिलिकची पेटी उघड्या कॅनोपीसह विमानाला पुरते. ती थेट उन्हात किंवा पत्र्याच्या छताखाली ठेवू नये, कारण उन्हाने डेकल पिवळे पडतात आणि सततच्या उष्णतेने शस्त्रांचे पातळ पंख वाकतात.