साथीचे गणित आणि तारखांचा रकाना

जुलै 2020 मध्ये एका जिल्ह्याच्या कोविड कक्षात मी विश्लेषक म्हणून रुजू झाले, तेव्हा संख्याशास्त्रातील एम.एस्सी. आणि अवकल समीकरणे सोडवण्याचा सराव एवढेच भांडवल माझ्याजवळ होते. पहिल्याच दिवशी हाती आलेल्या लाइन लिस्टमध्ये, म्हणजे दर रुग्णामागे एक ओळ असलेल्या यादीत, काही रुग्णांची लक्षणे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू झालेली दिसली. तारखा दिवस-महिना या क्रमाने भरल्या होत्या आणि एक्सेलने त्या महिना-दिवस अशा वाचल्यामुळे 9 जूनचा रुग्ण 6 सप्टेंबरला जाऊन पोहोचला होता. असे रुग्ण निदान डोळ्यांत खुपले. 5 जूनचे रुग्ण मात्र 6 मे या दिवशी मुकाट जाऊन बसले होते आणि त्यांना हुडकण्यात दोन रात्री गेल्या. 13 तारखेपासून पुढच्या नोंदी शाबूत होत्या, कारण तेरावा महिना एक्सेललाही ठाऊक नाही.

म्हणून साथीच्या गणिताच्या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांना माझे पहिले सांगणे तारखांविषयीच असते. एका रुग्णाला चार तारखा असतात: लक्षणे सुरू झाल्याची, नमुना घेतल्याची, अहवाल आल्याची आणि पोर्टलवर नोंद झाल्याची. लक्षणांच्या तारखेनुसार काढलेल्या आलेखाचे शेवटचे टोक जवळपास नेहमीच खाली झुकलेले दिसते, कारण कालपरवा आजारी पडलेल्यांपैकी अनेकांची नोंद अजून व्हायची असते. आणि बैठकीत कोणीतरी ‘साथ ओसरू लागली’ असे म्हणून मोकळे होते. दोन दिवसांत सरासरी 40 टक्के रुग्णच यादीत येतात असे मागील नोंदी सांगत असतील, तर परवाचे 60 रुग्ण प्रत्यक्षात 150 च्या आसपास धरावे लागतात.

साथीच्या समीकरणांचा पाया जुना आहे आणि त्याचे मुंबईशी नाते आहे. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी 1927 च्या निबंधात लोकसंख्येचे बाधा होऊ शकणारे, बाधित, आणि बरे झालेले वा दगावलेले असे भाग पाडले व आपली वक्ररेषा मुंबई बेटावरील डिसेंबर 1905 ते जुलै 1906 या काळातील प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंवर बसवून दाखवली. ती सुरेख बसते. पण प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो आणि मुंबईत तो ऋतुमानाप्रमाणे वाढत व ओसरत असे. त्या रेषेच्या सूत्रात ना पिसवा आहेत, ना ऋतू. रेषा बसली म्हणजे कारण कळले असे नव्हे, हे पटावे म्हणून नवख्यांना हा आलेख मी मुद्दाम पुन्हा काढायला लावते.

चढत्या साथीत आणखी एक फसगत होते. रुग्णसंख्या सात दिवसांत दुप्पट होत असेल, तर साध्या मॉडेलमध्ये दोन उत्तरे सारखीच बसतात: एक रुग्ण सरासरी 5 दिवस संसर्ग पसरवतो आणि दीड जणाला बाधा देतो, किंवा 10 दिवस पसरवतो आणि दोघांना देतो. सुरुवातीला दोन्ही रेषा एकमेकींवर तंतोतंत पडतात. परंतु काहीच उपाय न केल्यास पहिल्या साथीत अखेरीस सुमारे 58 टक्के लोक बाधित होतात, तर दुसरीत सुमारे 80 टक्के. यांतले खरे कोणते, हे त्या आलेखातून कळत नाही. त्यासाठी घरोघरी जाऊन कोणाला आधी लागण झाली, कोणाला नंतर आणि मध्ये किती दिवस गेले, हे विचारून आलेल्या आशाताईंच्या वह्या उघडाव्या लागतात.

2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेतील इबोलाच्या वेळी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने असे वर्तवले होते की परिस्थितीत बदल न झाल्यास लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये 20 जानेवारी 2015 पर्यंत, न नोंदलेले धरून, 14 लाख रुग्ण होतील. प्रत्यक्षात संपूर्ण साथीत सुमारे 28,600 रुग्ण नोंदले गेले. या अंदाजावर पुष्कळ टीका झाली. माझ्या मते ‘बदल न झाल्यास’ हे तीन शब्द वगळून तो वाचणे हीच मोठी चूक आहे.

अभ्यासासाठी संभाव्यताशास्त्र, अवकल समीकरणे आणि आर किंवा पायथन या संगणकीय भाषांपैकी एक एवढे सुरुवातीला पुरते. साथरोगशास्त्र रीतसर शिकायचे असल्यास चेन्नईला आयसीएमआरच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेत पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे. प्रत्यक्ष कामावर मात्र प्रश्न वेगळ्या भाषेत येतात. जिल्ह्याच्या बैठकीत आर-नॉट (साथीच्या सुरुवातीला एक रुग्ण सरासरी किती जणांना बाधा देतो तो आकडा) किती, असे मला कधीच कोणी विचारले नाही. शुक्रवारपर्यंत ऑक्सिजनच्या आणखी किती खाटा लागतील, असे विचारत आणि उत्तर चार वाजायच्या आत हवे असे. मी एका पानावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे देत असे आणि त्यांच्याखाली एक ओळ लिहीत असे: कोणत्या तारखेपर्यंतच्या नोंदी धरल्या आहेत.