रशियन पाककृतींचं पुस्तक आणि इंदूरचं दही

रशियन स्वयंपाकाचं पुस्तक हाती आलं की पहिली नजर बोर्शवर, म्हणजे बीटाच्या आंबटसर सारावर जाते. बोर्श मुळात युक्रेनचा; 2022 मध्ये युनेस्कोनं नोंदही युक्रेनच्या नावानंच केली. तो नंतर करा. सुरुवातीला सिर्निकी (तव्यावर भाजलेल्या गोडसर टिक्क्या) बऱ्या, कारण त्यांना लागतं ते दही आपल्या घरात असतंच.

जुन्या पुस्तकांतला 'एक ग्लास' म्हणजे पैलूदार सोव्हिएत ग्लास. काठोकाठ 250 मिली, वरच्या रेघेपर्यंत 200. काठोकाठ मैदा सुमारे 160 ग्रॅम मावतो. घरातल्या चहाच्या ग्लासानं मोजू नका, वजनकाटा घ्या.

सिर्निकीची सगळी मदार त्वोरोगवर, म्हणजे दही तापवून, पाणी गाळून केलेल्या आंबट, दाणेदार पनीरवर. लिंबानं फाडलेल्या पनीरला त्याची आंबट चव नसते. चक्का तापवलेला नसतो, म्हणून पाणी धरून ठेवतो आणि मैदा जास्त मागतो. 2 लिटर फुल क्रीम दुधाचं दही चांगलं आंबू द्या. (इंदूरच्या मे महिन्यात ते पाच-सहा तासांत लागतं, रात्रभर बाहेर ठेवू नका.) दह्याचं पातेलं गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास तापवा. ढवळायचं नाही. कडेनं पिवळसर पाणी सुटलं की गॅस बंद. उकळी आली तर दाणा कोरडा, रबरी होतो, मग तो सुधारत नाही. गार झाल्यावर मलमलीत तीन तास टांगा; साधारण 400 ग्रॅम त्वोरोग मिळतो.

त्यात 1 अंडं, 2 मोठे चमचे साखर, चिमूट मीठ, 3 मोठे चमचे मैदा. अंडं चालत नसेल तर 1 चमचा बारीक रवा वाढवून 20 मिनिटं झाकून ठेवा. दोन सेंटिमीटर जाड टिक्क्या थापून मैद्यात घोळवा. तुपावर मंद-मध्यम आचेवर एकेक बाजू तीन-चार मिनिटं भाजा. पालटल्यावर झाकण ठेवा. टिक्की तव्यावर पसरली तर पाणी उरलंय किंवा साखर जास्त झालीय, कारण साखर पाणी सोडायला लावते. इथं हात मैद्याच्या डब्याकडे जातो, तो आवरा. मैदा वाढला की सिर्निकी चिवट होतात. उरलेलं मिश्रण पुन्हा तासभर टांगा.

वर स्मेताना (आंबवलेलं घट्ट क्रीम) हवं. चक्का आणि फ्रेश क्रीम 100-100 ग्रॅम फेटून दोन तास ठेवलं की काम भागतं. सोबत साखरांबा.

बोर्श कराल तेव्हा बीट चमचाभर व्हिनेगर घालून वेगळं परता आणि शेवटी मिसळा, नाहीतर लाल रंग विटकरी होतो. स्मेताना वाढताना वाटीतच घाला, उकळत्या सारात फाटतं. शेपू (बाजारात 'सोया' म्हणून मागा) पुस्तकात असेल त्याच्या निम्माच, आपला वाण उग्र असतो. काशा (शिजवलेल्या धान्याचा रशियन पदार्थ) करायचा तर नवरात्रीच्या सुमारास इंदूरच्या सियागंज बाजारात सोललेला अख्खा कुट्टू (बकव्हीट) मिळतो का पाहा. काळ्या सालीचा नको. घरी आणून मंद आचेवर बदामी होईपर्यंत कोरडा भाजा, मग एकाला दोन पाणी.