सुट्टीत घरी कधी जाणार? बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी

दिवाळीला आठ दिवस राहिले की आमच्या लातूरच्या नर्सिंग हॉस्टेलमध्ये एक वही फिरायची. नाव, गाव, कोणत्या तारखेला जाणार, न्यायला कोण येणार. २०१७ साली ती वही माझ्यापुढे आली. 'गाव' या रकान्यात मी बालगृहाचा पत्ता लिहिला आणि शेवटचा रकाना कोरा ठेवला. वॉर्डन मॅडमनी वही परत पाठवली, अर्धवट भरू नका म्हणून. मेस बंद होणार होती, हॉस्टेलला कुलूप लागणार होतं. मला अठरा पूर्ण होऊन चार महिने झाले होते.

बीड जिल्ह्यातल्या एका बालगृहात मी सातव्या वर्षापासून वाढले. जूनमध्ये माझी मुदत संपली. संस्थेत आम्ही हाच शब्द वापरायचो, "तिची मुदत संपली". एक पत्र्याची पेटी, कागदांची पिशवी आणि बालगृहातल्या काळजीवाहक मावशींनी हातात कोंबलेले पाचशे रुपये घेऊन मी लातूरच्या एसटीत बसले. त्याआधी मी एकटीने कधी तिकीटसुद्धा काढलं नव्हतं. आज संभाजीनगरच्या एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. बारावीचे निकाल लागले की परभणी, बीड, जालना, हिंगोलीकडून संस्थेतल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

पहिली गोष्ट, आणि तीच सगळ्यात मोठी: अठरा पूर्ण झाले की सरकारचा तुमच्याशी संबंध संपतो, असं कायदा म्हणत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४६ मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला आर्थिक मदत देण्याची तरतूद आहे. बाहेर पडल्यानंतरच्या या मदतीला अनुरक्षण म्हणतात. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे हे अनुरक्षण वयाची एकवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत, आणि खास परिस्थितीत आणखी दोन वर्षं, म्हणजे तेवीस पूर्ण होईपर्यंत मिळू शकतं. बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी तुमचा पुढचा आराखडा तयार करून बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे आपल्याबद्दलचे आदेश देणाऱ्या समितीपुढे, ठेवायचा, हेही त्याच नियमांत आहे. सहा ते आठ जणांनी मिळून राहायची तात्पुरती सोय, शिकत असताना विद्यावेतन, धंद्यासाठी कर्ज मिळवून द्यायला मदत, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. २०२२ पासून केंद्राच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेत अनुरक्षणासाठी महिन्याला ४,००० रुपये धरलेले आहेत.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. एकविसावं लागलं तेव्हा एका कार्यशाळेत या कायद्याबद्दल आणि नियमांबद्दल ऐकलं, आणि त्या दिवशी रात्री मला झोप लागली नाही. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी सुट्टीच्या दिवशी एका दवाखान्यात रात्रपाळी करून मेसचे पैसे भरत होते. त्या वेळी महिन्याला थोडी रक्कम खात्यावर आली असती तर मी निदान झोपले असते.

तेव्हा सतरावं लागलं की स्वतःहून विचारायला सुरुवात करा. "माझा वैयक्तिक काळजी आराखडा मला बघायचाय, त्यात अठरानंतरचं काय लिहिलंय?" हा प्रश्न अधीक्षकांना विचारा, परिविक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसरना) विचारा. बाल कल्याण समितीपुढे उभं राहाल तेव्हा तिथंही विचारा. समितीपुढे आपण मान खाली घालून "हो मॅडम, हो सर" करतो, कारण लहानपणापासून तसंच उभं राहिलेलो असतो. पण त्या खोलीत बोलायचा पहिला हक्क तुमचा आहे. मागताना आपण कुणाचे उपकार घेतोय असं वाटू देऊ नका.

अर्ज कायम लेखी करा, दोन प्रतींत. एक प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊन ती स्वतःकडे ठेवायची. पोच घेतल्याशिवाय पायरी उतरायची नाही. "ठेवून जा, बघतो" असं कितीही गोड बोलून सांगितलं तरी नाही. मी ज्या मुलींबरोबर गेले त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे पोच होती त्यांचं काम उशिरा का होईना झालं. जिच्याकडे नव्हती तिचा अर्जच सापडला नाही, आणि तोवर तिला एकविसावं लागून गेलं होतं.

आता कागदांचं. आधार कार्डाला कोणता मोबाइल नंबर जोडलेला आहे ते आजच तपासा. आपल्यापैकी पुष्कळांच्या आधारला अधीक्षकांचा किंवा संस्थेतल्या कुणाचा तरी नंबर असतो. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलं की ओटीपी जातो त्या फोनवर, आणि तो माणूस बदलीवर गेलेला असतो. माझा पहिल्या वर्षाचा अर्ज याच कारणाने राहिला. स्वतःचं सिम घ्या, आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे देऊन नंबर बदला. बँकेचं खातं संस्थेच्या प्रमुखांसोबत जोडखातं असेल तर अठरा झाल्यावर ते एकट्याच्या नावावर करून घ्या. टीसी, शाळेचा निर्गम उतारा, समितीचे आदेश, संस्थेत दाखल झाल्याची आणि सुटल्याची पत्रं, आई-वडील नसतील तर त्यांचे मृत्यूचे दाखले, हे सगळं मुदत संपण्याआधी मागून घ्या. नावाची स्पेलिंग आणि जन्मतारीख सगळीकडे एकच आहे का ते बघा. आपल्यात कुणाची जन्मतारीख डॉक्टरांनी अंदाजाने ठरवलेली असते आणि शाळेत मास्तरांनी वेगळीच टाकलेली असते. ही चूक सतराव्या वर्षी संस्थेच्या एका पत्राने सुटते. बाहेर पडल्यावर त्याच कामाला सहा महिने जातात.

अनाथ प्रमाणपत्राबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ असतो. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण सुरू केलं. २०२३ च्या शासन निर्णयाने अनाथांचे दोन गट झाले, संस्थात्मक आणि संस्थाबाह्य. म्हणजे आई-वडील दोघंही नाहीत पण काका-मामाकडे वाढलात, तरी तुम्ही त्यात बसू शकता. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातून पुढे जातो, प्रमाणपत्र विभागीय उपआयुक्तांच्या सहीने मिळतं. मराठवाड्यासाठी ते कार्यालय संभाजीनगरला आहे. २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ करण्याचा जो निर्णय मुलींसाठी झाला, त्यात अनाथ मुलगे आणि मुली दोघंही आहेत. कॉलेजच्या ऑफिसात हे माहीत नसतं, त्यामुळे शासन निर्णयाची झेरॉक्स सोबत ठेवा.

पण आपल्या संस्थांमधली कितीतरी लेकरं या अर्थाने अनाथ नसतात. माझ्या शेजारच्या कॉटवर झोपणारी मैत्रीण धारूरकडची. वडील गेले, आई दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जायची. मुकादमाची उचल फिटायची नाही, मग पुन्हा कोयता. लेकीला फडावर न्यायला नको म्हणून त्या माऊलीने तिला बालगृहात ठेवलं होतं. मैत्रिणीला अनाथ प्रमाणपत्र मिळालं नाही, मिळणारही नव्हतं, आणि "तुला आई आहे ना, मग तुला काहीच नाही" असं सांगून तिला परत पाठवलं. ते चूक होतं. कलम ४६ बाल संगोपन संस्थेतून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही मुलाबद्दल बोलतं. आई आहे की नाही, हे त्यात विचारलेलं नाही. अनाथ प्रमाणपत्र वेगळं आणि अनुरक्षण वेगळं. हे वाक्य पाठ करून ठेवा आणि टेबलापलीकडच्या माणसाला शांतपणे सांगा.

कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्यांसाठी राज्याची ५ लाखांची मुदत ठेव आणि केंद्राची पीएम केअर्स योजना होती. त्यांनी आपल्या ठेवीची कागदपत्रं संस्थेकडून ताब्यात घ्यावीत.

मुलींसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिते. अठरा जवळ आले की संस्थेत स्थळं यायला लागतात. हुंडा नको, संस्थेतलीच मुलगी हवी, असं म्हणणारी. त्यातली काही माणसं खरंच चांगली असतात, मी असे संसार पाहिलेत. पण राहायला छप्पर हवं म्हणून लग्नाला हो म्हणू नका. आमच्या बरोबरची एक जण तसंच म्हणाली. दोन वर्षांनी बाळाला घेऊन परत आली तेव्हा तिला संस्थेत घेता येत नव्हतं, आणि माहेर म्हणून दुसरा उंबरा नव्हता. आधी हाताला काम, स्वतःचं खातं, भाड्याची का होईना एक खोली. "मला शिकायचंय" एवढं समितीपुढे सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

खोली शोधताना घरमालकीण आधी आडनाव विचारते, मग आई-वडील काय करतात ते विचारते. मी पहिल्यांदा खरं सांगितलं आणि दोन घरं गेली. तिसऱ्या ठिकाणी "वडील नाहीत, मी नर्स आहे, सोबत माझी मैत्रीण राहील" एवढंच सांगितलं. तेही खरंच होतं. आपली सगळी कहाणी प्रत्येक दारात सांगायला आपण बांधील नाही. बालगृहातली तुमची ओळख बातम्यांत, माध्यमांत उघड करायला कायद्यानेच मनाई केलेली आहे. ती कुणाला सांगायची ते तुमचं तुम्ही ठरवा. दोघी-तिघींनी मिळून खोली घ्या. ऐंशी जणांच्या पंगतीत वाढलेल्या माणसाला एकट्याच्या खोलीतली पहिली रात्र फार जड जाते. मी दिवा चालू ठेवून झोपायचे.

स्वयंपाकाचंही तसंच. संस्थेत मी पातेलंभर वरण करायला शिकले होते, पण एका माणसाला डाळ किती लागते ते मला माहीत नव्हतं. पाव किलो वांगी कितीला मिळतात तेही नाही. बाहेर पडण्याआधी दोन-चार महिने मावशींबरोबर बाजाराला जाऊ द्या, अशी विनंती करा. पहिला पगार झाला की मोबाइलवरची झटपट कर्जाची ॲप आणि हप्त्याचे फोन मागे लागतात, त्यांच्यापासून लांब राहा. अडचणीत आपल्या पाठीशी उभं राहून हप्ता भरणारं घर नाही, हे लक्षात ठेवून एक पगार बाजूला पडेपर्यंत काही उधार घेऊ नका.

आता त्या कोऱ्या रकान्याबद्दल. तो आयुष्यभर येत राहतो. नोकरीच्या फॉर्मवर 'तातडीच्या वेळी संपर्क', पीएफला वारसदार, रुग्णालयात 'नातेवाईकाची सही'. मी रोज वॉर्डात बघते, पेशंट शुद्धीवर असला आणि अठरा पूर्ण असला तर संमतीपत्रावर त्याची स्वतःची सही चालते. तरीही "सोबत कोण आहे?" हे आम्ही विचारतोच, कारण भूल उतरताना हात धरायला कुणीतरी लागतं. म्हणून संस्थेत असतानाच दोन माणसं ठरवा. एखादी मैत्रीण, एखाद्या बाई, आधी बाहेर पडलेला एखादा दादा. त्यांना तोंडाने विचारा, "तुमचं नाव लिहू का?" विचारायला मला फार जड गेलं होतं. पण ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी कुणीही नाही म्हटलं नाही.

त्या दिवाळीत मी बालगृहात गेले होते. लहान मुलींबरोबर अठरावरच्या मुलीला रात्री ठेवता येत नाही. तो नियम लेकरांच्या काळजीसाठी आहे आणि मला पटतो. पण मग माझं काय, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. संध्याकाळी सातला गेटशी पेटीवर बसले होते. काळजीवाहक मावशींची ड्यूटी संपली. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "इथं काय बसलीस माय, चल घरी." केजजवळच्या त्यांच्या गावी दोन खोल्यांच्या घरात मी पाच दिवस राहिले. त्यांच्या सुनेने मला अभ्यंगाचं तेल लावलं. परत आल्यावर मी वॉर्डन मॅडमकडून ती वही मागून घेतली आणि रकान्यात मावशींचं नाव लिहिलं. माझ्या पीएफच्या फॉर्मवर आजही तेच नाव आहे.

आता दिवाळीत माझी टीव्ही सेंटरजवळची खोली उघडी असते. गेल्या वर्षी तिघी आल्या होत्या, एक नांदेडहून, दोघी जालन्याहून. परवा परभणीच्या एका मुलीचा फोन आला. तिला फेब्रुवारीत अठरा पूर्ण होतात, आणि तिच्या आधारला अजून जुन्या अधीक्षकांचा नंबर आहे. सोमवारी मला सुट्टी आहे. सकाळच्या गाडीने मी परभणीला जातेय. तिला सांगितलंय, अर्ज तुझ्या हाताने लिही, आणि दोन प्रती घेऊन ये.